अण्णा वर गेलेत

आमच्याकडे वणव्याचा फोन दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान येतो. फेब्रुवारी उजाडला की त्या तासाभरात मी फोन हाताशी ठेवते, मीटिंग असली तरी. आई "वणवा लागलाय" असं कधी म्हणत नाही. आधी माझं जेवण झालं का विचारते, पुण्यात उकाडा कितपत आहे विचारते, आणि फोन ठेवायच्या बेताला आली की सहज आठवल्यासारखं म्हणते, "अण्णा वर गेलेत."

वर म्हणजे सड्यावर. आमचं घर राजापूर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. घरामागे हापूसची कलमं, कलमांच्या वर काजू, काजूच्या वर सडा. पण मराठीत वर जाण्याचा आणखीही एक अर्थ आहे. तो आईला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि ती बोलते तेव्हा तो आम्हा दोघींच्या मधे येऊन बसतोच. "डोंगरात गेलेत म्हण, आग विझवायला गेलेत म्हण," असं मी तिला एकदा सुचवून पाहिलं. "वरच गेलेत ना? मग दुसरं काय म्हणू?" असं म्हणून तिने विषय संपवला.

अण्णा 78 वर्षांचे आहेत.

सडा म्हणजे जांभ्याचं पठार. ज्यांनी तो भाद्रपदात पाहिलाय, सीतेच्या आसवांनी जांभळा झालेला, मधूनमधून गेंदाचे पांढरे ठिपके, खळग्याखळग्यात पाणी, त्यांना मार्चमधला सडा दाखवला तर ते ओळखणार नाहीत. दिवाळीला गवत सोनेरी होतं, संक्रांतीला वाळतं, आणि फेब्रुवारीत मुठीत घेऊन चुरलं तर भुगा होतो. कुसळं सलवारीच्या घेराला चिकटून घरात येतात, गादीत शिरतात. खालचा जांभा तापतो तो रात्री दहापर्यंत निवत नाही. अशा ठिकाणी एक ठिणगी पडायचा अवकाश असतो, एवढंच.

खारे वारे आणि मतलई वारे मी शाळेत पाठ केले ते पेपरापुरते. शिकवणारे अण्णाच होते. हायस्कुलात भूगोल आणि पी.टी. असे दोन विषय त्यांच्याकडे. तोच धडा वणव्याने मला पुन्हा शिकवला. अकरा-बाराच्या पुढे समुद्राकडून वारा सुटतो, पऱ्याच्या घळीत शिरतो आणि डोंगर चढू लागतो. खाली कुठे आग असेल तर तिला घेऊनच चढतो. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर वाकते, त्याला आधीच तापवून ठेवते. म्हणून उतारावर पायी चालणारी आग चढणीला धावते. दिवस मावळताना वारा पडतो. अर्धा-पाऊण तास आग नुसती बसून राहते, धुमसते. लोक म्हणतात विझली, आणि घरी जातात. मग मतलई सुटतो, डोंगराकडून समुद्राकडे, आणि बसलेली आग उठून परत खाली यायला लागते. आमच्या वाडीचं जे काही नुकसान आजवर झालंय ते बहुतेक त्या परतीच्या आगीने केलंय. त्यामुळे दुपारच्या फोनपेक्षा मला संध्याकाळी सातचा न आलेला फोन जास्त छळतो.

पूर्वी हे गवत एवढं उभंच राहत नसे. घरं गवताने शाकारलेली असत, प्रत्येक गोठ्यात आठ-दहा गुरं असत. दिवाळीनंतर गडीमाणसं सड्यावर जाऊन गवत कापायची, भारे डोक्यावरून उतरवायची, आणि अंगणाच्या कडेला उडव्या रचल्या जायच्या. आम्ही लपाछपीत त्यांच्यामागे लपायचो. जे उरे ते गुरं तुडवून टाकत. आता घरांवर कौलं नाहीतर पत्रे, गोठ्यात स्कूटर, दूध पिशवीतलं. गवत कंबरेइतकं वाढतं आणि वाढलेलं तसंच वाळतं. वाडीत बावीस घरं आहेत, बारा महिने उघडी असतात ती नऊ. त्या नऊ घरांतला सगळ्यात तरुण पुरुष बावन्न वर्षांचा आहे आणि त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

एका वर्षी वणवा ऐन शिमग्यात लागला. चाकरमानी आलेले होते, देवीची पालखी वाडीत होती, ढोल वाजत होते. कुणी तरी धावत येऊन सांगितलं आणि तीस-चाळीस पोरं, निम्मी जीन्समध्ये, ओरडत सड्यावर गेली. अर्ध्या तासात आग विझवून, तोंडं काळी करून परत आली आणि पुन्हा पालखी नाचवायला लागली. अण्णांना त्या दिवशी कुणी वर जाऊच दिलं नाही. "तुम्ही बसा हो," म्हणाले. ते पडवीत बसले खरे, पण जेवणापर्यंत कुणाशी बोलले नाहीत. शिमगा संपला, गाड्या भरून पोरं मुंबईला गेली. वणव्याचे खरे दिवस त्यानंतर सुरू होतात.

तीन वर्षांपूर्वी मी काजूच्या हंगामात घरी होते. आई आणि मी पडवीत ओले काजूगर सोलत होतो. बोटांना राख फासली तरी काजूचा डीक कातडी जाळतोच. माझ्या अंगठ्याची साल निघाली होती. अण्णा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि काजूच्या शेंड्यांवरून पलीकडे बघत म्हणाले, "कोतवाल फिरतायत."

मला काही कळलं नाही. आईला कळलं. तिने हातातली बी टाकली आणि आत जाऊन गोणपाट भिजवायला लागली. गवत पेटलं की किडे, टोळ जीव घेऊन उडतात, आणि ते टिपायला कोतवाल पक्षी आगीच्या तोंडाशी जमतात. धूर आमच्यापर्यंत यायला त्यानंतर दहा मिनिटं लागली. करवंदीची हिरवी जाळी जळताना कडवट वास येतो. धुराआधी तो आला.

अण्णांनी शर्ट काढून खुंटीला लावला. त्या शर्टाच्या खिशात त्यांचा मोबाइल. गंमत अशी की आमच्या घरात रेंज नाही, पडवीच्या एका कोपऱ्यात थोडी मिळते, आणि सड्यावर मात्र भरपूर असते. जिथे फोन लागतो तिथे माणूस फोनशिवाय जातो. कंबरेच्या आकडीला कोयती अडकवली, ओलं गोणपाट खांद्यावर टाकलं, पायात रबरी स्लिपर, आणि निघाले. मी मागोमाग गेले. आई "जाऊ नको" म्हणाली नाही. तिने मला तिची जुनी सुती ओढणी ओली करून दिली, तोंडाला बांधायला.

वर आम्ही आठ जण होतो. आठांत मीच धाकटी, शेचाळीस वर्षांची. बघण्यासारखी आग मोठी नव्हती. माझ्या मनात वणवा म्हटलं की टीव्हीवरचं ज्वाळांचं भिंताड होतं. इथे गुडघाभर उंचीची एक नारिंगी झालर होती, लांबच लांब, वेडीवाकडी, आणि ती तडतडत पुढे सरकत होती. पण तिच्याजवळ दहा पावलांवर गेलं की भुवया आखडल्यासारख्या वाटतात आणि पाय आपोआप मागे येतात. अण्णांनी जांभळीचे टहाळे तोडून एकेकाच्या हातात दिले. मी आपटायला लागले तशी माझ्यावर ओरडले, वर्गात ओरडायचे तसे. टहाळा उंचावरून आपटला की ठिणग्या उडून पुढच्या गवतात पडतात. तो खाली टेकवायचा, दाबायचा, जळलेल्या बाजूकडे ओढायचा. दाब, ओढ. दाब, ओढ. पाच मिनिटांत पानं करपतात, मग नुसता दांडका उरतो, मग दुसरा टहाळा. बोलायला कुणाकडे श्वास नसतो. वाडीतले एक काका मधूनच दम्याच्या पंपाचे दोन झुरके मारत होते आणि परत टहाळा उचलत होते.

मधे वारा वळला. धुराचा लोट आमच्यावर आला आणि मला काही दिसेना. डोळे उघडले तेव्हा डावीकडचे दोघं होते, उजवीकडचे काका होते, अण्णा नव्हते. मी हाक मारली. परत मारली. तडतडीच्या वर माझा आवाज जाईना. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. घड्याळात तो पाच मिनिटं असेल किंवा दोन. त्या वेळात मी आईला काय सांगायचं त्याची वाक्यं तयार केली, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. धूर सरला तर अण्णा जळून गेलेल्या पट्ट्यात एका जांभ्यावर बसलेले. एक स्लिपर हातात घेऊन उलटी-पालटी करून बघत होते. तळाला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

"हाक ऐकू नाही आली?"

"आली की. पण ओ द्यायला तोंड उघडलं असतं तर धूर गेला असता ना," ते म्हणाले. मग मला हाताने जवळ बोलावलं. "काळ्यावर ये. काळ्यावर उभं राहायचं. ते जळून झालंय."

आम्ही खाली उतरलो तेव्हा आईने चहा मांडला होता. ओट्यावर आठ कप. वर किती गेले ते ती पडवीतून मोजते आणि तेवढेच कप मांडते. माणूस अंगणात आला की त्याचा कप भरते. शेवटचा कप भरेपर्यंत आधण उतरवत नाही. त्या दिवशी आमची वरच्या कडेची अकरा काजूची झाडं गेली, वेंगुर्ला 4 ची, चांगली धरती. ऐन आणि किंजळ जळूनही पावसात पुन्हा फुटतात. ही अकरा फुटली नाहीत.

वणवा "लागतो" असं आपण म्हणतो, जशी भूक लागते, ठेच लागते. कर्ता नको म्हणून केलेली ही सोय आहे. मार्च महिन्यात आमच्या सड्यावर वीज पडत नाही. लागलेला जवळजवळ प्रत्येक वणवा कुणाच्या तरी हातून सुटलेला असतो. कुणी बांधावरचं गवत पेटवतो. कुणी थोटूक टाकतो. कुणाला रानातून ससा, डुक्कर बाहेर काढायचं असतं. जाळलं की पुढच्या पावसात गवत चांगलं येतं, अशी जुनी समजूतही आहेच. राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या वन कायद्यानुसार गुन्हा आहे, पण रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं. बहुतेक डोंगर खासगी मालकीचे, सामायिक सातबाऱ्याचे, आणि अर्धे मालक विरार-डोंबिवलीत. तक्रार कोण कुणाविरुद्ध करणार? आणि मग भाजावळ असतेच. कवळ, पालापाचोळा, शेण पसरून भातरोपांचा तरवा भाजायचा, म्हणजे तण मरतं आणि रोपं जोमाने येतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. त्यात वाईट काही नाही, वारा सोडला तर.

अण्णा प्रत्येक वणव्याला का जातात, आपली बाग नसली तरी, हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. आईने सांगितलं, तेही पाच-सहा वर्षांपूर्वी, अण्णा बाजारात गेलेले असताना. 1990 मध्ये सरकारने रोजगार हमीतून फळबागेची योजना आणली, आणि आमच्या भागातल्या उघड्या डोंगरांवर काजूची कलमं चढली. आमच्या शेजाऱ्यांनीही लावली. पाण्याच्या घागरी डोक्यावरून नेऊन दोन उन्हाळे जगवली. तिसऱ्या उन्हाळ्यात अण्णा तरवा भाजत होते. बायका कवळ पसरत होत्या, पाण्याची कळशी बाजूला होती, सगळं रीतसर होतं. शाळेचा शिपाई काही निरोप घेऊन आला म्हणून अण्णा दहा मिनिटं बांधावर गेले. तेवढ्यात वावटळ आली.

शेजाऱ्यांची अख्खी बाग गेली. अण्णा रात्री त्यांच्या दारात गेले, पण आत जाईनात. त्या घरातले काका बाहेर आले, अण्णांच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "वाऱ्याचा काय भरवसा, मास्तर." एवढंच. भरपाईचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढल्या पावसात अण्णांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या डोंगरात खड्डे मारले. ते काका वारून आता बरीच वर्षं झाली, मुलगे वसईला असतात, बागेत कुणी फिरकत नाही. पण त्या दिशेला धूर दिसला की अण्णा जेवणाच्या पानावरून उठतात.

हे कळल्यापासून माझी काळजी कमी झाली नाही. मी भांडणं मात्र सोडून दिलं.

तोवर मी माझ्या परीने उपाय केले होते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगी शोधते आणि नोंदणी केलेल्याला मोबाइलवर संदेश पाठवते, हे वाचून मी जिल्ह्यासाठी नाव नोंदवलं. उपग्रह दुपारी दीडच्या आसपास डोक्यावरून जातो, रात्री दीडला पुन्हा. त्याच्या नजरेचा एक ठिपका जमिनीवर 375 मीटर लांब-रुंद. आमच्यासारख्या दहा बागा त्यात मावतील. त्या ठिपक्यात आग आहे एवढं तो सांगतो. कोण टहाळा घेऊन उभा आहे ते त्याला दिसत नाही. आईचा फोन दोनला येतो, देहरादूनचा संदेश त्यानंतर. 2023 च्या मार्चमध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकताना टीव्हीवर दाखवत होते. मी आईला म्हटलं, असं आपल्याकडे हवं. ती घाबरलीच. "नको गो बाई, कलमांवर ओतलं तर आहेत त्या कैऱ्यासुद्धा गळतील."

माझा धाकटा भाऊ पॅसाडेनाला असतो, लॉस एंजेलिसजवळ. त्याची काळजी करायची आम्हाला सवय नव्हती. 2025 च्या 8 जानेवारीला, इथे सकाळचे साडेआठ वाजले असतील, त्याचा फोन आला. तिकडे 7 तारखेची संध्याकाळ. ईटन कॅनियनच्या बाजूचा डोंगर पेटलाय, घर सोडून निघा असा आदेश आलाय, गाडीत सामान भरतोय, म्हणाला. मागे मुलं रडत होती. मी गावच्या फोनला जोडून दिलं. अण्णांचा पहिला प्रश्न, "वारा कुठून आहे?"

"डोंगराकडून समुद्राकडे. सांता आना म्हणतात त्याला. गाडी हलतेय एवढा आहे."

अण्णा क्षणभर गप्प. "म्हणजे मतलई. दिवसरात्र मतलई?" भूगोलाचा मास्तर जागा झालेला मला ऐकू आला. लगेच बापाचा आवाज, "मग थांबू नको. मुलांना घे आणि निघ. दार लावायला परत जाऊ नको."

जो माणूस आगीकडे चालत जातो तो मुलाला पळ म्हणत होता. मी हे बोलून दाखवलं नाही. तो दिवसभर अण्णा पडवीच्या त्या रेंजच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसून होते. फोन हातात, शर्ट अंगात. भाऊ मित्राकडे पोचला, त्याचं घरही वाचलं. महिनाभर उशांना धुराचा वास येत होता. पण शेजारच्या ऑल्टाडेनात हजारो घरं गेली. त्या गावाच्या पश्चिम भागात निघण्याचा आदेश पोचेपर्यंत पहाट झाली होती, आणि ईटनच्या आगीतले जवळजवळ सगळे मृत्यू त्याच भागातले, बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे. त्याआधी 2018 च्या नोव्हेंबरात त्याच राज्यातलं पॅराडाइज नावाचं गाव जळालं, 85 माणसं गेली, तीही बहुतेक पासष्टीच्या पुढची. त्यांच्याकडे इशारे आहेत, विमानं आहेत, कोणता रस्ता बंद हे सांगणारी ॲप आहेत. तरीही मागे राहणारे म्हातारेच. भाऊ हे सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दम्याच्या पंपाचे झुरके घेणारे काका होते.

त्या दिवसानंतर अण्णांनी दोन गोष्टी कबूल केल्या. पहिली, दिवाळीनंतर काजूच्या वरच्या कडेला जाळपट्टा काढायचा. गेल्या डिसेंबरात मी चार दिवस रजा काढून गेले. दोन गडी शेजारच्या गावातून मिळाले, ग्रासकटर भाड्याने आणला. दहा फूट रुंद पट्टा, गवत कापून मुळापर्यंत खरवडलेला. शेजाऱ्यांच्या त्या पडीक बागेच्या कडेनेही काढला. मजुरी माझ्या खात्यातून, त्याचा हिशेब अण्णांनी वहीत लिहून ठेवलाय आणि आंब्याच्या पैशातून फेडणार म्हणतात.

दुसरी गोष्ट मनवायला वेळ लागला. फोन घेऊन जा म्हटलं तर म्हणाले, घामाने बिघडतो. शेवटी मी कपाटातून त्यांची पी.टी.ची शिट्टी शोधून काढली. पितळी, आत बुचाचा गोळा, दोरी कुजलेली. नवी नाडी ओवून खुंटीला टांगली, शर्टाच्या शेजारी. वर गेले की दर पाच-दहा मिनिटांनी एकदा वाजवायची, एवढंच. दोनदा वाजली तर माणसं वर पाठवायची. ते हसले, मग गळ्यात घालून अंगणात एकदा वाजवून पाहिली. खालच्या वाडीतला कुत्रा भुंकला.

यंदाचा पहिला फोन फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला, दोन वाजून दहा मिनिटांनी. जेवण झालं का. उकाडा आहे का. मग, "अण्णा वर गेलेत."

"किती कप मांडलेस?"

"सहा."

पुढे ती काही बोलली नाही. फोनवर खरखर झाली. ती पडवीतून अंगणात गेली असणार आणि फोन तिने सड्याकडे धरला असणार, कारण आधी वारा ऐकू आला, मग बराच वेळ नुसतं ऊन असल्यासारखी शांतता, आणि मग लांबून, बारीक, एकदाच, शिट्टी.

"आली ऐकू?" आईने विचारलं.

"आली."

"बरं, ठेवते. आधण ठेवलंय," असं म्हणून तिने फोन ठेवला.